अर्थिंग

पार्सल कोल्हापूरच्या एस्टीने आलं.
कंडक्टरने ते आंब्याच्या रिकाम्या पेट्यांखालून ओढून काढलं,
कानाशी हलवलं, म्हणाला, बियाणं काय?
मी हो म्हटलं.

चौदा पायांची चिप. तिच्या पोटात सहा इन्व्हर्टर.
एकेकाला कपॅसिटर आणि पॉट जोडून दिला
की तो हो-नाही हो-नाही म्हणत बसतो,
आणि पुरेशा वेगाने म्हटलेलं हो-नाही
कानाला सूर वाटतं.
हे मला कुणी शिकवलं नाही,
बंदरावर बोटींचे वायरलेस उघडता उघडता कळत गेलं.

देवगडात धातू टिकत नाही.
खारा वारा खिडकी बंद असली तरी आत येतो,
पावसाआधी दिलेला जोड नारळीपौर्णिमेला हिरवा.
लवूमामाच्या पायपेटीचे पितळी सूर असेच गेले,
आधी खालचा गंधार, मग त्याच्या शेजारचा,
चाळीस वर्षं दशावतारात राजांना सिंहासनावर बसवणारी पेटी
शेवटी नुसती दम लागल्यासारखी फुसफुसायची.
मामाचे पाय मात्र अजून
बसल्या जागी भाता मारतात.

मी डबा घेतला काजूगराचा, पत्र्याचा.
पॉटना टूथपेस्टची टोपणं.
स्पीकर बुडून वर काढलेल्या एका होडीचा,
त्याचा कागद मी तांदळाच्या खळीने चिकटवला.
डाग दिला की राळेचा धूर वर जायचा
आणि ओट्यावरून मामा, न बघता:
"राक्षस इलो काय गो?"
रंगमंचावर राळ पेटली की कोण येतं
ते त्याच्या नाकाला पाठ.

पहिला कपॅसिटर मी उलटा लावला. फुटला.
दुसऱ्या दिवशी सहाही सूर बोलले,
पण त्यांच्याखाली आणखी एक होता,
मी न लावलेला. जाड, न थांबणारा,
खूप खाली, पांढरी पाचाच्या किंचित वर.
बटणं फिरवली तरी हलेना.
घरातली वीजच ती, रात्रंदिवस गुणगुणणारी,
फक्त आता तिला तोंड मिळालं होतं.

इनास वायरमन मीटरपाशी वाकला, हसला.
"अर्थच नाय तुमच्या घराक.
जांभ्यात गाडलेली पट्टी ती, मे म्हयन्यात ओल खय गावतली?
खड्डो मार. कोळसो घाल, मीठ घाल, वर पाणी वत."

मीठ.
ज्याने पेटी खाल्ली, माझे निम्मे जोड खाल्ले,
ते मी अडीच किलो विकत आणून
विहिरीच्या कडेला खड्ड्यात ओतलं,
तांब्याची तार त्यात उतरवली
आणि दोन घागरी पाण्याने त्याची समजूत काढली.

घरात येऊन स्विच दाबला.
गुणगुण गेली.
सहा सूर स्वच्छ, एकेकटे,
धुऊन दोरीवर टाकलेल्या कपड्यांसारखे.
मी त्यातला एक काळी दोनला आणून ठेवला, मामाची पट्टी.
म्हटलं, बघ.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला,
"आधीचो आवाज खय गेलो?"
कुठला?
"तो रे, खालचो. सगळ्यांका धरून बसलेलो."

मुलगी असूनही मला तो रे म्हणतो, घाईत असला की.

रात्री मी झाकणाला एक भोक पाडलं,
एक पितळी स्क्रू बसवला, उघडाच,
आत चिपच्या एका मोकळ्या पायाला जोडलेला.
डबा आता नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, भिंतीशी त्याचं काही देणंघेणं नाही.
सकाळी मामाचं बोट धरून त्यावर टेकवलं.

माणूसही वायरच. भिंतीतली वीज
त्याच्या अंगातून चालत आली,
आणि डब्यातून तो खालचा आवाज निघाला,
थोडा खरखरीत, बोट दाबलं की जाड,
उचललं की नाही.

त्याने उचललं. ठेवलं.
पुन्हा उचललं.
खाली ओट्यावर त्याचे पाय सुरू झाले होते.